इथला मालक

"इथला मालक नालायक आहे. माणसाला बांधून घालतो, आणि वर चहासुद्धा वेळेवर देत नाही."

दादा पुटपुटले ते थेट तिच्या कानाशी. गिरणीवाली खांबाशी वाकून त्यांच्या कमरेच्या पट्टीची गाठ आवळत होती, त्यामुळे त्यांचं तोंड आणि तिचा कान यांत बोटभरही अंतर नव्हतं.

"कोण मालक?" गाठीवर दुसरी गाठ मारत तिनं विचारलं.

"आहे एक. तोंड दाखवत नाही कधी. काम मात्र बिनबोभाट काढून घेतो." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "तुम्हीही नव्याच दिसता, बाई. सांभाळून राहा."

गिरणीवालीला हसू आलं. तिनं बाहीत तोंड खुपसलं आणि तसंच थोडा वेळ ठेवलं, कारण हसण्याचं पुढं काय होतं ते तिला आता माहीत झालं होतं.

गिरणीचे मालक दादाच होते, तिचा नवरा. दारावरच्या पत्र्यावर त्यांचंच नाव होतं, त्यांनीच रंगवलेलं. गिरणीतला दगड ते कानानं ओळखत. खाचा बुजून टाकी लावायला झाला की आवाज जाडा होतो म्हणत, आणि झोपेतून उठून छिन्नीनं टाकी लावत. पिठाच्या नळाखाली हात धरून अंगठ्यानं पीठ चोळायचं आणि गिऱ्हाइकाकडं न बघता "आणखी बारीक हवं तुम्हाला" म्हणायचं, ही त्यांची ऐट. तिनं लग्न झाल्यावर पहिली गोष्ट पाहिली ती त्यांच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया. म्हातारपणी हा माणूस कसा दिसेल ते आपल्याला आधीच कळलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. दिसायला तसेच दिसत होते. तेवढंच खरं निघालं.

तिनं त्यांच्या मांडीवर मूठभर मका टाकला, निवडायला. मग मनगटं. आधी ती नुसती कमरेला पट्टी बांधायची, पण ज्या माणसाचा जन्म पोती बांधण्यात आणि सोडण्यात गेला त्याला गाठीचं काय कौतुक! बोलता बोलता, न बघता सोडायचे आणि उठून चालू लागायचे. म्हणून मनगटं. जुन्या चादरीच्या पट्ट्या, धुऊन धुऊन मऊ केलेल्या, आतून कापूस घातलेल्या. सुतळी तिनं कधी वापरली नाही. सुतळीनं पोती बांधतात, असं ती स्वतःला बजावे. दोन हातांमध्ये वीतभर पट्टी मोकळी सोडायची, म्हणजे मका निवडता येतो आणि कमरेमागे हात पोचत नाही. हे माप तिला चुकतमाकत सापडलं होतं.

"मोटार लावू?" मुलानं बाहेरून हाक दिली. बांधायच्या वेळी तो नेहमी बाहेर असे. कधी पट्टा पुसत, कधी तेलाचा डबा शोधत.

"लाव," ती म्हणाली.

आणि दाराशी थांबलेल्या बायका डबे उचलून आत आल्या.

* * *

दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत एका शेतकऱ्यानं बियाण्याचं पोतं गिरणीच्या कोपऱ्यात टेकवलं होतं. विषारी औषध चोळलेलं, गुलाबी पडलेलं बी. येताना नेतो म्हणाला. दादांनी ते पोतं उचललं, गिरणीच्या वरच्या पेटीत रिकामं केलं, आणि नेहमीसारखा नळाखाली हात धरला. ती चूल सोडून आली तेव्हा त्यांच्या भुवया गुलाबी होत्या. ओठावरही रंग होता. ते अंगठ्यानं पीठ चोळत म्हणत होते, "छान आलंय. नवा माल दिसतोय."

तिनं बोटं घालून त्यांचं तोंड धुतलं, पाणी पाजून पाजून ओकवलं. मुलगा सायकल घेऊन पळाला, कारण मधे दोन डबे दळून गेले होते, कोणाचे ते दादांना सांगता येईना. दारोदार जाऊन तो पीठ परत मागत होता. एका घरी कणीक मळून झाली होती. ती खड्ड्यात पुरेपर्यंत तो त्या अंगणात उभा राहिला, आणि त्या घरची म्हातारी त्याला बोलली ते त्यानं घरी कधीच सांगितलं नाही. कोणाला काही झालं नाही. पण गिऱ्हाईक पुलाजवळच्या गिरणीकडं वळलं ते वळलंच.

घरात कोंडून पाहिलं. त्यांनी दारावर कपाळ आपटून फोडून घेतलं. मोकळं सोडून पाहिलं. कालव्याच्या पाण्यात गुडघाभर उभे सापडले, चप्पल डोक्यावर धरून. गिरणीत जवळ बसवून पाहिलं. मोटारीच्या पट्ट्यात बाही गेली. बाही फाटली म्हणून हात वाचला.

मग खांब.

पहिल्या दिवशी तिनं बांधलं तेव्हा तिला वाटलं, आता लोक थुंकतील. झालं उलटंच. गवळीण दाराशी आली, मान आत घालून "दादा कुठंयत?" म्हणाली, खांबाकडं पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. डबा घेऊन सरळ आत. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली. हळूहळू सगळे आले. दारातून एकदा खांबाकडं बघायचं आणि मग दळण होईपर्यंत वजनकाट्याकडं बघत राहायचं, अशी एक रीतच पडली. काट्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गवळीण नाही, शेजारी नाहीत. घरात तर नाहीच. मुलाचं लग्नाचं वय उलटत होतं, पण विषय काढला की तो मोटारीचा पट्टा तपासायला जाई. पट्टा त्या वर्षात जेवढा तपासला गेला तेवढा बनवणाऱ्यानंही तपासला नसेल.

* * *

बाजाराच्या मैदानाशेजारी धान्याचं जुनं गोदाम होतं. तिथं दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टरनं, भिंतींना चुना मारून, विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची सोय सुरू केली. सकाळी टेंपो यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. लोक त्याला नुसतं 'हॉल' म्हणत. जागा थोड्या होत्या, म्हणून वाट्याला आठवड्यातले दोन दिवस येत. फारच ओढाताण असेल त्या घराला रोज. सिस्टर बोलायची कमी, पण तिच्यासमोर माणूस आपोआप ताठ बसे.

"कामावर जायचंय," गिरणीवालीनं दादांना सांगितलं. दुसरं काय सांगणार? ते खळखळून तोंड धुऊन आले, स्वच्छ सदरा घातला. टेंपोच्या पायरीवर मागे वळून म्हणाले, "घरी निरोप द्या. उशीर होईल म्हणावं."

"देते," ती म्हणाली. टेंपो गेला. ती आत आली, आणि निरोप द्यायला घरात कोणी नाही हे तिला माहीत असूनसुद्धा स्वयंपाकघरापर्यंत गेली.

त्या दिवशी तिला हातांचं काय करावं कळेना. ती बसून जेवली. पायाची नखं काढली. केसांत कंगवा घातला तर तो आतच अडकला. कोण जाणे किती दिवसांचा गुंता. दुपारी पोत्यांवर जरा टेकली ती मोटारीच्या त्या धडधडीत घोरायला लागली. गवळीण उठवून म्हणाली, "काकू, आज मोकळ्या दिसता."

"हो ना," ती म्हणाली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी तिच्या कानाची पाळी गरम झाली.

संध्याकाळी दादा साबणाचा वास घेऊन परतले. तिथं शेंगा सोलल्या, अंगणात चकरा मारल्या. एक जुन्या मास्तरीणबाई रोज हजेरी घेतात, आणि "हजर" म्हटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. हे सगळं ड्रायव्हरनं सांगितलं. दादांनी एवढंच सांगितलं, "नवं ठिकाण बरं आहे. तिथला मालक माणूस आहे."

तिनं त्यांचे बूट काढले. सकाळी खांब होता. दुसऱ्या दिवसाची सकाळ नेहमीच जास्त जड जाई. सुटीची चव लागल्यावर कामाला चव उरत नाही, तसं तिचं झालं होतं. त्यांचं काय झालं होतं ते कळायला मार्ग नव्हता. फक्त एक फरक तिनं पाहिला. आधी बांधताना ते हात ओढून घेत, एकदा तिला चावलेही होते. आता ओढत नसत. लागले वळणाला, असं ती मनात म्हणाली, आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानून मोकळी झाली.

* * *

नवा गहू आला आणि गिरणीला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. पोत्यांची रांग दाराबाहेर, माणसांची रस्त्यावर. उन्हानं पत्रा तापे, आत पीठ हवेत तरंगे, घामावर बसून त्याचा थर होई. दादांच्या अंगावरही. माशा बसल्या तर त्यांना हाकलता येत नसत, म्हणून ती येता-जाता फडकं मारून जाई. कधी विसरे.

अशा एका दुपारी वीज गेली म्हणून गिरणी बंद होती, रांग झाडाखाली पांगली होती, आणि मुलानं बाहेरून शीळ घातली. तो शीळ घालणाऱ्यातला नव्हे. तिनं दारातून पाहिलं तर हॉलची सिस्टर रस्त्यानं चालत येत होती.

ती खांबाकडं धावली. घामानं गाठी फुगून बसल्या होत्या. कमरेची सुटली, मनगटाची सुटेना. तिनं दात लावले. तोंडात घाम, पीठ आणि कापूस आला. पट्ट्या पोत्यामागे कोंबून ती वळली तोवर सिस्टर उंबऱ्यात होती, आणि दादा दोन्ही मनगटं एकमेकांवर चोळत बसले होते.

"या, या," मुलगा एकदम फार मोठ्यानं म्हणाला. "बसा. आई, पाणी आण."

सिस्टर पोत्यावर बसली. तिनं दादांचा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा. बोट मनगटावरच्या वळापाशी थांबलं.

"हे काय झालं?"

"घड्याळाचा पट्टा रुततो हो त्यांना," गिरणीवाली म्हणाली.

दादांकडं घड्याळ नव्हतं. दुसरा हात मांडीवर होता, त्याच्यावरही तसाच वळ होता. सिस्टरनं तो पाहिला. मग हळूच दोन्ही बाह्या खाली ओढल्या.

"एक जागा रिकामी होतेय," ती म्हणाली. "रोजची. त्या आजोबांना त्यांची लेक घेऊन चालली आहे. तुमचा हंगाम सुरू झाला असेल म्हणून आधी तुमच्याकडं आले. मला सांगा, घरी कसं चाललंय?"

बाहेर एकाची पोत्यावरून हुज्जत चालली होती, ती तिघांनी मन लावून ऐकली.

"दादा तसे शांत असतात," मुलगा म्हणाला. "आईला काही त्रास नाही."

सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं.

"गुणी आहेत हो," गिरणीवाली म्हणाली. "एका जागी बसून असतात दिवसभर."

खोटं त्यात काही नव्हतं.

"मग मी शिंप्याच्या आईचा विचार करते," सिस्टर उठली. "घरच्यांच्या बैठकीत ठरवू. या तुम्ही दोघंही. त्या दिवशी दादांची हॉलचीच पाळी आहे." दाराशी ती थांबली, काही तरी बोलेलसं वाटलं, आणि तीही वजनकाट्याकडं बघून निघून गेली.

मुलगा तसाच उभा. "सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय सांगायचं होतं?"

"काही नाही."

"तू सांगायचंस मग. तुला तोंड नव्हतं?"

"मी काय सांगू? बांध–" तो थांबला. जीभ चावल्यासारखं तोंड करून त्यानं तेलाचा डबा उचलला. तेवढ्यात वीज आली, रांग उठली, दाराशी गवळीण मान लांब करून म्हणाली, "दादा कुठंयत?"

गिरणीवालीनं पोत्यामागून पट्ट्या काढल्या. त्या दिवशी तिनं इतकं घट्ट आवळलं की त्यांच्या बोटांना रंग चढला. मग तिनंच घाबरून सैल केलं, बोटं चोळली, त्यांवर फुंकर घातली. ते म्हणाले, "राहू द्या, बाई. तुम्ही तरी काय कराल? हुकमाच्या ताबेदार तुम्ही."

* * *

बैठकीला हॉलमध्ये बाकं गोल मांडली होती. पलीकडच्या बाजूला म्हातारी मंडळी शेंगा सोलत होती, आणि इकडे त्यांची माणसं आपापले हात मांडीवर घेऊन बसली होती. दोन्हीकडचे चेहरे सारखेच थकलेले. शेंगा तेवढ्या तिकडे.

शिंप्याला बोलायला कोणी सांगावं लागत नसे. "माझी आई स्वतःला माझं गिऱ्हाईक समजते," तो म्हणाला. "रोज माप घे म्हणते. रोज घेतो. दोन चिंध्या जोडून सदरा शिवून देतो, ती उसवते, पुन्हा माप घे. तिथवर चाललंय. पण परवा तिनं बटणं गिळली, सिस्टर. मी मशीन चालवू की तिच्या तोंडात बोट घालून बसू?" तो हसला. कोणी हसलं नाही तसा त्यानं गळ्यातल्या टेपनं स्वतःचंच मनगट मोजल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. "काल मी तिला ओरडलो. लहान पोराला ओरडावं तसा. तर म्हणते, तुमच्या दुकानात पुन्हा येणार नाही."

गिरणीवालीला त्याचा हेवा वाटला. दुःखाचा नव्हे. ते बोलून टाकता येण्याचा.

"तुमचं कसं?" सिस्टरनं विचारलं. सरळ तिलाच विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "शिंपीभाऊंचं जास्त आहे. त्यांना द्या जागा."

"दादा शांत असतात," मुलानं पुन्हा तेच सांगितलं.

"बरं," सिस्टर म्हणाली. ती अजून थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. "मग ठरलं तर–"

तेवढ्यात वरचे पंखे मंद झाले आणि थांबले. वीज गेली होती. "घाबरू नका," सिस्टर म्हणाली, "आता आपल्याकडं जनरेटर आहे," आणि तिनं ड्रायव्हरला हाक दिली. मागच्या पडवीत कोणी तरी दोरी ओढली. एकदा, दोनदा. मग ते यंत्र खोकलं आणि लागलं. धड धड धड धड. जमिनीतून तो हादरा बाकांपर्यंत आला, शेंगांच्या टोपल्यांपर्यंत गेला.

दादांनी हातातली शेंग खाली ठेवली.

ते उठले. कोणाकडं न बघता, उशीर झालेल्या माणसासारखे, भराभर चालत हॉलच्या मधल्या खांबापाशी गेले. खांबाला पाठ लावून खाली बसले. मांडी घातली, पाठ सरळ केली, सदऱ्याच्या बाह्या नीट वर सारल्या. मग दोन्ही मनगटं जवळ आणून, मधे वीतभर अंतर ठेवून, त्यांनी हात पुढं धरले. आणि वाट बघत राहिले.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक मान वळली. शेंगा सोलायचा आवाज थांबला. तो गेल्यावर जनरेटरचा आवाज फार मोठा वाटू लागला.

मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ह्याला शिक्षा कोणी केली?"

त्यांनी बाकांवरचा एकेक चेहरा तपासला.

"मी विचारते आहे. वर्गात कोणी शिक्षा केली ह्याला?"

"सवय आहे त्यांना," मुलगा म्हणाला. तो उभा राहिला होता. "टेकून बसायची... पाठ दुखते म्हणून." तो दाराकडं बघत होता. इथं तपासायला पट्टा नव्हता.

गिरणीवाली खांबाकडं निघाली. हॉल तसा मोठा नव्हता, पण तेवढं अंतर तिला सरेना. वळणाला लागले म्हणून आपण देवाचे आभार मानले होते, हे तिला त्या चालण्यात आठवलं. ती त्यांच्यासमोर वाकली. त्यांचे हात अजून पुढंच होते. किती वेळ तसे धरले होते त्यांनी.

दादांनी तिच्याकडं पाहिलं. ओळख नव्हती, पण रागही नव्हता. "आलात?" ते म्हणाले. "आज फार आवळू नका, बाई. मी कुठं जात नाही."

तिनं त्यांची दोन्ही मनगटं आपल्या हातांत घेतली. तिची बोटं बरोबर त्या वळांवर बसली. सिस्टर तिच्या मागं येऊन उभी राहिली. तिनं गिरणीवालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली, "असू दे. नंतर बोलू आपण. एकट्या."

"नंतर नको," गिरणीवाली म्हणाली.

ती वळली. बाकांवरचे सगळे तिच्याकडं बघत होते, आणि तिनं पाहिल्याबरोबर सगळ्यांनी खाली पाहिलं. तिथं वजनकाटा नव्हता म्हणून जमिनीकडं पाहिलं.

"बघा की," ती म्हणाली. "शांत नाहीत हे. मी बांधते यांना. रोज, मोटार लावायच्या आधी. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. गवळणीनं पाहिलंय, रस्त्यानं जाणाऱ्यानं पाहिलंय. माझा मुलगा बघावं लागू नये म्हणून तेल शोधायला जातो. सिस्टर, तुम्ही बाह्या खाली ओढल्यात."

"आई," मुलगा म्हणाला.

"थांब रे. ह्यांना खांब पाठ झालाय. माझं तोंड पाठ राहिलं नाही, खांब राहिला." जनरेटरमुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडून बोलताना तिला रडता येत नव्हतं. "हात दुखावेत म्हणून नाही बांधत मी. कापूस घालते आत. हे सगळं सांगायला सोपं आहे, लोक मला बिचारी म्हणतील. सांगायचं ते हे नाहीच."

दादा अजून हात तसेच धरून होते, तिच्या हातांत. ती त्यांच्याकडं बघून बोलली. बाकांकडं बघून तिला ते बोलता आलं नसतं.

"गाठ बसली ना, की मला बरं वाटतं. चाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि दिवसभरात तेवढ्याच एका क्षणाला मला बरं वाटतं."